बोटीवरचे सुटे नट-बोल्ट: काय घ्यावं, किती घ्यावं, कुठे ठेवावं?

हर्णैकर

मासेमारीबंदीचे दोन महिने, १ जून ते ३१ जुलै, म्हणजे आमच्याकडे डागडुजीचा हंगाम. बोट वर ओढून शाकारली की लाकूडकाम, रंगकाम, इंजिन अशी कामं एकामागून एक निघतात. त्यात सुटे नट-बोल्ट भरून ठेवायचं काम नेमकं मागे पडतं. मग नारळी पौर्णिमा तोंडावर आली की दुकानात जो माल समोर येईल तो किलोवर उचलला जातो. इंजिनच्या स्पेअर्सवर इथे भरपूर बोलून झालंय, नट-बोल्टांवर वेगळा धागा सापडला नाही, म्हणून काढतोय.

आमची बोट लाकडी ट्रॉलर आहे, जोडीला फायबरची छोटी होडी, आउटबोर्डवाली. ट्रॉलरवरची लोखंडी पेटी आजोबांच्या वेळेपासूनची. परवा ती ताडपत्रीवर उपडी केली. तळाला पुठ्ठ्याचे खोके होते, त्यांचा लगदा झालेला आणि त्या लगद्यात बसलेल्या जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी, बोल्टांवर पांढरी भुकटी चढलेली. भुकटी पुसली तर खालचं जस्त जागोजागी उडालेलं. त्याच पेटीत पितळी स्क्रू, एसएसचे म्हणजे स्टेनलेस स्टीलचे नट, काळे हायटेन्साइल म्हणजे जादा ताकदीचे बोल्ट, इंची आणि मेट्रिक सगळं एकत्र. उचलायला दोन माणसं लागतील एवढं वजन, पण विंचच्या (जाळं ओढायच्या यंत्राच्या) फाउंडेशनला लागणारा बोल्ट त्यात एकही नाही.

माझं मत असं झालंय की खरेदीची यादी दुकानात बनत नाही, बोटीवर बनते. म्हणून वही घेऊन नाळेपासून सुकाणापर्यंत फिरलो. प्रत्येक ठिकाणी बोल्टची जाडी, लांबी, आटे इंची की मेट्रिक, धातू कुठला आणि पाना कितीचा लागतो हे लिहून काढलं. इंजिन आणि गिअरबॉक्स बाजूला ठेवले तर जवळपास सगळं ८, १०, १२ आणि १६ एमएममध्ये बसतंय. ज्या ठिकाणी पूर्वी कोणीतरी मिळेल तो इंची बोल्ट ठोकलाय ते या बंदीत बदलून मेट्रिक करणार आहे, म्हणजे पुढे साठाही कमी लागेल आणि पानेही.

आता जाणकारांनी सांगावं. एसएस घ्यावं की जीआय? मुंबईहून आणावं की इथेच रत्नागिरी-दापोलीत? आणि खाऱ्या हवेत हा माल पेटीत टिकवायचा कसा?

नागदेवीवाला

हर्णैकर, वही घेऊन फिरलात तिथेच अर्धं काम झालं. आमच्या नागदेवी स्ट्रीटला कोकणातून येणारं गिऱ्हाईक बहुतेकदा जुना बोल्ट खिशातून काढतं आणि 'अस्साच द्या' म्हणतं. नमुना आणावाच, पण तो गंजून झिजलेला असतो. त्यावरून नेमकं माप काढताना आमचीही तारांबळ होते. आलात की ज्यात तो बसत होता तो नटही आणा.

दुकानात मागताना जाडी, लांबी, आटे आणि ग्रेड, चारही सांगा. षटकोनी डोक्याच्या बोल्टची लांबी डोक्याखालून मोजतात, सीएसके म्हणजे चपट्या बुडत्या डोक्याच्या स्क्रूची डोक्यासकट. यात गल्लत झाली की ५ एमएम कमी पडतात आणि नट अर्धाच चढतो. फाउंडेशनला, जिथे आडवा धक्का बसतो तिथे, हाफ थ्रेड घ्या, म्हणजे भोकात गुळगुळीत दांडी बसते, आटे नाहीत. बाकी साठ्याला फुल थ्रेड बरा, तो हवा तेवढा कापता येतो.

इंची-मेट्रिकचं मोठं दुखणं आहे. बंदरावर अजून सुतातच बोलतात: दोन सुती म्हणजे पाव इंच, तीन सुती म्हणजे ३/८, चार सुती म्हणजे अर्धा इंच. तीन सुती बोल्टची जाडी ९.५ एमएम. तो १० एमएमच्या नटात सुरुवातीला शिरतो, सैल फिरतो, मग अडतो. अडला म्हणजे घट्ट झाला असं वाटतं, पण आट्यांची पकड पुरी नसते आणि थरथर लागली की सुटतो किंवा आटे मरतात. अडीच सुती आणि ८ एमएम यांची तर जाडी जवळजवळ सारखीच आहे, डोळ्यांना फरक कळतच नाही. मेट्रिकचा नेहमीचा पिच ८ एमएमला १.२५, १० ला १.५, १२ ला १.७५ आणि १६ ला २ एमएम. एक पिच गेज घेऊन पेटीत ठेवा, अगदी स्वस्त वस्तू आहे. आणि इंचीमध्येही दोन घराणी आहेत. अर्धा इंची व्हिटवर्थला इंचात १२ आटे, अमेरिकन यूएनसीला १३. एकाचा नट दुसऱ्यावर दोन-तीन फेरे जातो आणि फसतो.

आता एसएस. 'एसएस द्या' एवढं कधीही सांगू नका. बाजारात २०२, ३०४ आणि ३१६ असे तीन माल आहेत आणि नवे असताना तिन्ही सारखेच चमकतात. २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं, खाऱ्या हवेत तो तांबूस पडतो. ३०४ म्हणजे साधारण १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं आणि मिठाच्या पाण्यात तेच कामाला येतं. बोल्टच्या डोक्यावर खूण बघा: ए२ म्हणजे ३०४ च्या जातीतला, ए४ म्हणजे ३१६ च्या. पुढे ७० किंवा ८० हा आकडा ताकदीचा.

लोक लोहचुंबक घेऊन येतात. त्याने हा फरक कळत नाही. २०२ लाही चुंबक चिकटत नाही, आणि ३०४ चा चांगला बोल्टही थंड अवस्थेत ठोकून घडवलेला असल्यामुळे डोक्यापाशी थोडा ओढतो. मॉलिब्डेनम तपासायच्या द्रावणाची बाटली मिळते, एक थेंब आणि ९ व्होल्टची बॅटरी. ३१६ असेल तर रंग बदलतो. मोठी खरेदी करणार असाल तर दुकानदाराला करून दाखवायला सांगा आणि बिलावर ग्रेड लिहून घ्या. जो लिहून देत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

एक राहिलं. बोल्टपेक्षा नट जास्त घ्या आणि वायसर (वॉशर) त्याहून जास्त. बोल्ट हातातून निसटला तर सापडतो, नट-वायसर थेट बिल्जमध्ये, बोटीच्या तळाशी.

करंजा_बंदर

+१, विशेषतः शेवटच्या ओळीला.

आम्ही वेगवेगळ्या लांबीचे बोल्ट ठेवणं कमी केलंय. त्याऐवजी ८, १० आणि १२ चे एक मीटरचे थ्रेडेड रॉड बोटीवर असतात. हॅक्सॉने हवा तेवढा तुकडा कापायचा, दोन्ही बाजूंनी नट. कापायच्या आधी रॉडवर एक नट चढवून ठेवा. कापून झालं, टोकाला कानस मारली, की तो नट उलटा फिरवून बाहेर काढायचा. कापलेल्या जागी उठलेले आटे तोच सरळ करत येतो. नाही तर भर समुद्रात हलत्या बोटीत नट धरायला अर्धा तास जातो.

चीफसाहेब

मी व्यापारी जहाजांवर इंजिन रूममध्ये नोकरी केली, आता निवृत्त आहे. थ्रेडेड रॉडची सूचना उत्तम, पण एक इशारा देणं भाग आहे. बाजारात सहज मिळणारा रॉड साध्या लोखंडाचा असतो, ४.६ किंवा ४.८ ग्रेडचा. कठड्याला, पाइपाच्या क्लँपला, फळकुटाला तो चालेल. कपलिंगला (गिअरबॉक्सला पंख्याचा शाफ्ट जिथे जोडतात तिथे), इंजिनच्या पायाला, विंचला चालणार नाही.

ग्रेडचे आकडे वाचायला सोपे आहेत. ८.८ मधला पहिला ८ म्हणजे ताण सोसण्याची हद्द ८०० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर, आणि दुसरा .८ म्हणजे त्याच्या ८० टक्क्यांवर, ६४० वर, बोल्ट कायमचा ताणला जायला लागतो. १०.९ चं तसंच, १००० आणि ९००. आता ३०४ चा ए२-७० घ्या. तुटायची हद्द ७००, पण ताणला जायला लागतो ४५० वर. म्हणजे गंजणार नाही म्हणून कपलिंगचा ८.८ काढून तिथे चमकता एसएस घातला तर बोल्ट महाग झाला आणि कमजोर झाला. कपलिंगचे बोल्ट बहुधा बारीक पिचचे असतात हेही लक्षात ठेवा, १२ एमएमला १.७५ नव्हे तर १.५ किंवा १.२५. ते इंजिनच्या पुस्तकाप्रमाणे किंवा जुना पूर्ण बोल्ट दाखवूनच घ्यावेत आणि वेगळ्या पुडीत ठेवावेत.

म्हणून हर्णैकरांच्या 'एसएस की जीआय' या प्रश्नाचं एक उत्तर नाही. डेकवर, उघड्यावर, जिथे हवा लागते आणि पाणी वाहून जातं तिथे ३१६. जिथे ताकद लागते तिथे ८.८ किंवा १०.९, आणि त्याला ग्रीस व रंग वेळच्या वेळी. लाकडाच्या आत, कायम ओल्या जागी मात्र एसएसवर भरवसा ठेवू नका. एसएसवर क्रोमियमच्या ऑक्साइडचा अगदी पातळ थर असतो, तोच त्याला गंजू देत नाही, आणि तो थर टिकायला प्राणवायू लागतो. ओल्या लाकडात दाबून बसलेल्या दांडीला तो मिळत नाही. बाहेर डोकं लखलखीत आणि आत दांडी खाल्लेली, असे बोल्ट मी स्वतः काढले आहेत. पाण्याखाली गनमेटल किंवा ब्राँझ, नाही तर भरपूर जाडीचा हॉट डिप (वितळलेल्या जस्तात बुडवलेला) जीआय.

एसएसवर एसएसचा नट चढवताना आट्यांना ग्रीस किंवा अँटी-सीझ पेस्ट लावाच. कोरडा नट पान्याने भरभर फिरवला की आटे एकमेकांत वितळल्यासारखे चिकटतात, मग पुढेही जात नाही आणि मागेही येत नाही, तोडावाच लागतो. नट बोटांना गरम लागायला लागला की थांबा, निवू द्या.

सागवान

वेंगुर्ल्याकडचा. घरात तीन पिढ्या बोटी बांधायचं काम.

चीफसाहेबांनी लाकडातल्या एसएसबद्दल लिहिलं ते शंभर टक्के खरं. गिऱ्हाईक हल्ली हट्ट धरतं की पठाणाला (तळाच्या मुख्य लाकडाला) आणि वाकांना (आतल्या फासळ्यांना) एसएस मारा, पैसे देतो. आम्ही नाही म्हणतो. लाकडी बोटीत हॉट डिप जीआयच. नुसता इलेक्ट्रोप्लेट केलेला चकचकीत पांढरा किंवा पिवळा बोल्ट नाही, त्यावरचं जस्त इतकं पातळ असतं की एका पावसाळ्यात उडतं. हॉट डिपचा रंग मळकट राखाडी असतो आणि हाताला खरखरीत लागतो. खरेदी करताना एक जपा: हॉट डिप बोल्टवर जस्ताचा थर जाड, म्हणून त्याच्या नटाचे आटे मुद्दाम मोठे पाडलेले असतात. साधा नट त्यावर चढत नाही. चढत नाही म्हणून कोणी बोल्टवर डाय मारतो, म्हणजे पैसे देऊन घेतलेलं जस्त आट्यांवरून खरवडून टाकतो. नट-बोल्ट एकाच ठिकाणाहून जोडीनेच घ्या.

पितळेचे स्क्रू पाण्याखाली वापरू नका. खारं पाणी पितळेतलं जस्त हळूहळू काढून घेतं आणि मागे नुसतं भुसभुशीत तांबं राहतं. असा स्क्रू काढायला गेलं की डोकं पेचकसाबरोबर बाहेर येतं, तुटलेली जागा पिवळी नसते, गुलाबीसर असते. तो रंग दिसला की त्या रांगेतले सगळे स्क्रू गेले समजायचं. केबिनमध्ये, कडी-कोयंड्याला पितळ खुशाल वापरा.

आणि लोखंडी खिळा गंजला की एकटा जात नाही. आजूबाजूचं लाकूड काळं पडून मऊ होतं, मग त्याच भोकात नवा खिळा धरत नाही. एक माप जाड घ्यावा लागतो किंवा भोक लाकडी गुजाने बुजवून शेजारी नवं पाडावं लागतं. म्हणून साठा करताना आज आहे ते माप आणि त्याच्या वरचं एक माप, दोन्ही ठेवा. ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही.

चीफसाहेब

सागवान यांनी छान लिहिलं. दोन धातू एकत्र आले की काय होतं याचं जुनं उदाहरण देतो. ब्रिटिश नौदलाने १७६१ साली एचएमएस अलार्म या जहाजाच्या बुडाला तांब्याचे पत्रे मारले, किड्यांपासून लाकूड वाचवायला. १७६३ मध्ये तपासणी झाली तेव्हा पत्रे ठिकठिकाणी सुटले होते, कारण ते धरणारे लोखंडी खिळे खाऱ्या पाण्यात तांब्याच्या संगतीने खाऊन गेले होते. काही खिळे मात्र बऱ्यापैकी शाबूत राहिले. तांबं ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आलं होतं तो कागद त्या ठिकाणी चुकून मध्ये राहिला होता!

तोच कागद आज आपण नायलॉनच्या वायसरच्या, प्लास्टिकच्या बुशच्या किंवा सीलंटच्या रूपाने घालतो. आउटबोर्डच्या ॲल्युमिनियमच्या ब्रॅकेटमध्ये एसएस बोल्ट घालताना मध्ये काही घातलं नाही तर ॲल्युमिनियम पांढरं होऊन फुगतं आणि बोल्ट त्यात कायमचा बसतो. साठ्यात नायलॉन वायसर ठेवा, वजन काहीच नाही.

पालघरचा_दर्यावर्दी

एवढा घोळ कशाला? ऑनलाइन हजार नगांचा एसएस नट-बोल्ट सेट मिळतो, कप्प्यांच्या डब्यासकट. तो एक घेतला की झालं.

नागदेवीवाला

दर्यावर्दी भाऊ, धंद्याच्या दृष्टीने नाही, बोटीच्या दृष्टीने सांगतो. त्या सेटमध्ये ३, ४ आणि ५ एमएमचाच भरणा असतो. बोटीवर खरं काम ८ च्या पुढे. ग्रेड लिहिलेली असलीच तर बहुधा ३०४. रेडिओ, दिवे, स्विचबोर्ड यांच्या बारीक कामाला असा डबा चालेल, त्याला साठा म्हणता येणार नाही.

मिरकरवाडा_मेकॅनिक

उशिरा आलो, कामाचे दिवस आहेत.

सेटबद्दल नागदेवीवाल्या दादांशी सहमत. कपलिंगबद्दल चीफसाहेब जे बोलले ते मागच्या हंगामात समोर पाहिलं. एक बोट दुसऱ्या बोटीने ओढून आणली. कपलिंगचे चार बोल्ट, त्यातले दोन तुटलेले, उरलेले दोन मधोमध बारीक झालेले, ओढलेल्या तारेसारखे. डोक्यावर ए२-७०. शाफ्ट मागे सरकून पंखा सुकाणाला जाऊन भिडला होता. बोल्टचा खर्च काहीच नव्हता, पंखा आणि शाफ्ट सरळ करण्यातच सगळे पैसे गेले.

समुद्रावर काय न्यावं याचा माझा हिशेब असा. जे काम तुम्ही समुद्रावर करणारच नाही त्याचा बोल्ट बोटीवर नेऊ नका, तो किनाऱ्यावरच्या खोपीत ठेवा. पठाणाचा बोल्ट कोणी लाटांवर बदलत नाही. बोटीवर कपलिंगचा एक पूर्ण संच हवा, नट आणि स्प्रिंग वायसरसकट. इंजिन माउंटिंगचे दोन-तीन. ग्लँडचे (शाफ्टभोवती पाणी अडवणाऱ्या भागाचे) बोल्ट किंवा स्टड दोन, त्यांचे नट चार, कारण ग्लँड आवळताना चेक नटही लागतो. आल्टरनेटरच्या पट्टीचा लांब बोल्ट एक, तो थरथरून तुटतोच. समुद्राच्या पाण्याच्या पंपाच्या झाकणाचे छोटे स्क्रू संपूर्ण संच, कारण इम्पेलर (पंपातलं पाणी ढकलणारं चक्र) बदलताना एक तरी पाण्यात पडतो. विंचच्या फाउंडेशनचे दोन. मग ८, १० आणि १२ चे नेहमीचे बोल्ट दोन-दोन लांबींत, प्रत्येकी दहा-बारा, आणि थ्रेडेड रॉड.

नायलॉक नट जरूर ठेवा, पण त्यातली नायलॉनची कडी साधारण १२० अंशांपर्यंतच टिकते. एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर लावला तर ती वितळते आणि नट साध्या नटासारखा सुटतो. तिथे पितळी किंवा तांब्याचा मुलामा दिलेला नटच. आणि नायलॉक एकदा काढला की महत्त्वाच्या जागी परत लावू नये, हाताने सहज फिरायला लागला म्हणजे त्याचं काम संपलं.

होस क्लिप कोणीच मोजत नाही! पाण्याखालच्या पाइपाला दोन-दोन क्लिपा असतात, म्हणून प्रत्येक मापाच्या किमान चार ठेवा. इथे मात्र चुंबक कामाचा आहे. पट्टी एसएसची आणि आवळायचा स्क्रू लोखंडी, असा माल सर्रास मिळतो. स्क्रूला चुंबक घट्ट चिकटला तर ती क्लिप घेऊ नका. पट्टी चकचकीत राहते, स्क्रू गंजून तुटतो आणि पाइप निसटतो. बोटीत पाणी भरायला तेवढं पुरतं.

करंजा_बंदर

क्लिपांचं कधी डोक्यात आलं नव्हतं. उद्याच आमच्या सगळ्या तपासते, बंदीत वेळ आहे.

शिडवाली

आमची बोट छोटी, शिडाची, मुंबई बंदरात असते. खरेदीवर सगळं आलंय, साठवणीवर लिहिते, कारण तो प्रश्न मागे राहिला.

पहिलं म्हणजे पुठ्ठा, कागद आणि चिंध्या बोटीवर नकोतच. हर्णैकरदादांच्या पेटीत जी पांढरी भुकटी होती तो जस्ताचाच गंज. ओल धरून ठेवणाऱ्या वस्तूला चिकटून, हवा न लागता जीआय पडून राहिला की तसं होतं. दुकानातून आणलेला खोका खोपीतच रिकामा करायचा. खोक्यावरचं माप आणि ग्रेड मात्र कापून ठेवायचं, पिशवीत टाकायला.

कप्प्यांचे पारदर्शक डबे दिसायला छान, पण त्यातल्या बहुतेकांचे मधले पडदे झाकणाला टेकत नाहीत. डबा आडवा पडला की सगळी मापं एक होतात, आणि बोटीवर डबा आडवा पडणारच. मी झिपच्या जाड पिशव्या वापरते. एका पिशवीत एकच माप, एकच ग्रेड, आणि बोल्टवर दोन वायसर आणि नट चढवून ठेवलेले. पिशवीतून एक काढला की जोडणी पूर्ण, अंधारात जुळवाजुळव नाही. आट्यांना हात लागून मार बसत नाही हा वेगळा फायदा. पिशव्या मग रुंद तोंडाच्या, रबरी कडीच्या प्लास्टिकच्या बरणीत. काचेची बरणी अजिबात नको.

एसएस आणि लोखंड एका डब्यात ठेवू नका. लोखंडाचा चुरा एसएसला चिकटतो आणि गंजतो, मग ते डाग एसएसलाच धरतात. माझ्याकडे निळ्या झाकणाचा डबा एसएसचा, लाल झाकणाचा हायटेन्साइलचा. आणि ग्रेड लिहायची ती झाकणावर नाही, डब्याच्या अंगावर, कारण झाकणं बदलतात.

हर्णैकर

शिडवालीताई, हे फार उपयोगी. लोखंडी मालाला तेल लावून ठेवता का? आमच्याकडे इंजिनचं काढलेलं काळं तेल ओततात.

शिडवाली

तेल लावते, पण नवं, आणि अगदी पुसट हात. ८.८ आणि १०.९ ला हवंच. काळ्या तेलाबद्दल चीफसाहेबांनी सांगावं.

चीफसाहेब

काळं तेल नको. वापरलेल्या तेलात ज्वलनातून आलेली आम्लं आणि ओलावा असतो. काही दिवस चालून जाईल, पण वर्षभर ठेवायच्या मालाला तेच खातं. शिवाय त्यातला बारीक चुरा आट्यांत जातो. घट्ट झाकणाच्या डब्यात नवं तेल लावलेले बोल्ट आणि सिलिका जेलची एक पुडी, एवढं पुष्कळ. पुडी हंगामात एक-दोनदा उन्हात नव्हे, तव्यावर मंद आचेवर सुकवावी, उन्हात ती नीट कोरडी होत नाही.

डबा कुठे ठेवायचा यावरही बोलायला हवं. इंजिन रूम जवळ असते म्हणून सगळे तिथेच ठेवतात. दिवसा तिथे उष्णता, रात्री इंजिन थंड झालं की घाम धरतो. त्या घामानेच गंज चढतो. केबिनच्या खाली, बिल्जपासून वर, बांधता येईल अशी जागा बघा. वजन आहे, वर ठेवू नका आणि मोकळंही ठेवू नका.

सागवान

अवांतर: नट-बोल्टांच्या धाग्यावर एक बिनखिळ्याची बोट. नौदलाने २०२५ मध्ये कारवारला आयएनएसव्ही कौंडिण्य दाखल करून घेतली. अजिंठ्याच्या चित्रातल्या पाचव्या शतकातल्या जहाजावरून बेतलेली. फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या, गोव्यात बांधली. आमच्या आजोबांकडून शिवलेल्या होड्यांच्या गोष्टी ऐकल्या होत्या, तशी मोठी बोट पाण्यावर तरंगताना बघून ऊर भरून आला.

हर्णैकर

वा सागवानदादा, हे वाचून बरं वाटलं.

आतापर्यंतच्या चर्चेवरून माझं असं ठरतंय. डेकवर ३१६, आठ-दहा-बारामध्ये. कपलिंग, विंच, इंजिन माउंटिंगला ८.८ किंवा इंजिनच्या पुस्तकात असेल तो, लाल डब्यात. लाकडात हॉट डिप, नटासकट, आणि तो सगळा खोपीत. जुन्या पेटीतले ज्यांच्या डोक्यावर खूण नाही किंवा आटे मेलेत ते बोटीवर परत जाणार नाहीत, भंगारात देतोय. वही प्लास्टिकमध्ये घालून डब्यांबरोबरच ठेवणार. एक काढला की खलाशाने तिथेच रेघ मारायची, बंदरात आलो की तेवढे भरायचे. तांडेलाशी (बोटीच्या म्होरक्याशी) बोललोय, त्याला पटलंय.

एकच राहिलं. छोट्या होडीच्या आउटबोर्डच्या पंख्याची पिन. मागे कोणीतरी खिळा कापून घातलेला सापडला. त्याला काय ठेवावं?

मिरकरवाडा_मेकॅनिक

तो खिळा आजच काढा. आधी पंखा उतरवून बघा. अगदी लहान आउटबोर्डला शिअर पिन असते, पंखा खडकाला लागला की ती तुटावी आणि गिअर वाचावा म्हणूनच ती मऊ धातूची केलेली. खिळा कडक असला तर तुटत नाही, गिअरचे दात जातात. मोठ्या आउटबोर्डच्या पंख्यात रबरी बुश असतो, तिथे शिअर पिन नसते, नुसती नटाला अडवणारी स्प्लिट पिन असते. तुमच्यात कुठली आहे ते कळलं की कंपनीची शिअर पिन त्या मॉडेलच्या नंबराने मागवा, किमान चार. स्प्लिट पिन ३१६ ची, मूठभर. जुनी सरळ करून परत घालू नका, दुसऱ्या वाकवण्यात ती तुटते. या पिना मोठ्या डब्यात टाकू नका, पंख्याचा पाना आणि छोटी पक्कड यांच्याबरोबर एका पिशवीत घालून होडीतच बांधून ठेवा.